उन्हाळ्याच्या सुट्टीतला एक आठवडा
(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेले भाषण)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे मनापासून आभार. खाली स्वयंपाकघरात बटाटेवडे तळले जात आहेत, त्यांचा वास वर येतो आहे, आणि अशा वेळी वीस मिनिटं विज्ञानावर बोलायचं म्हणजे परीक्षाच आहे. आमची आणि तुमचीही. त्यामुळे वेळ पाळू, असं आधीच वचन देतो.

आणखी एक खुलासा. या भाषणात सारखं 'आम्ही, आम्ही' येणार आहे. तो काही राजेशाही थाट नाही. आम्ही खरोखरच दोघं आहोत, नवरा-बायको. दोघंही इंजिनिअरिंग करून बाहेर पडलो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, दोघांचीही चाळिशी अजून दारापर्यंत आलेली नाही. भाषण दोघांनी मिळून लिहिलंय. वाचायची पाळी कोणाची, हे नाणं उडवून ठरवलं.

विषय तुम्हाला पत्रकावरून माहीतच आहे: शाळेतल्या मोठ्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत खरंखुरं विज्ञान करायला मिळावं, त्यासाठी काय काय आहे, आणि त्यात आपलं मंडळ काय करू शकतं. पण सुरुवात इंग्लंडपासून नको. आपल्या घरापासून करू.

आमच्यातली एक पुण्याची. साल २००२, नववीची परीक्षा नुकतीच संपलेली. शाळेतल्या बाईंनी तिचं नाव 'आयुका'च्या उन्हाळी कार्यक्रमासाठी पाठवलं होतं. आयुका म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातली, खगोलशास्त्राचं संशोधन करणारी, डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था. तिथे उन्हाळ्यात पुण्याच्या शाळांमधली आठवी-नववीची मुलं आठवडाभरासाठी यायची. चार-पाच मुलांचा गट आणि त्यांना एक शास्त्रज्ञ. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. सोमवारी सुरू करायचं आणि शुक्रवारी काय केलं ते लिहून द्यायचं.

हिच्या गटाला सूर्याचे सलग काही दिवसांचे फोटो मिळाले. त्यावर काळे डाग दिसतात, ते रोज थोडे सरकतात. ट्रेसिंग पेपर घ्या, पट्टी घ्या आणि सूर्य स्वतःभोवती एक फेरी किती दिवसांत मारतो ते सांगा. पोरांनी उत्साहाने मोजलं. एका डागावरून उत्तर आलं अठरा दिवस. दुसऱ्या डागावरून चाळीस. आता आली का पंचाईत? सूर्य तर एकच! पोरं चेहरे पाडून सरांकडे गेली. सर हसले, एक पांढरा चेंडू आणून टेबलावर ठेवला, त्यावर पेनाने एक ठिपका काढला आणि चहा प्यायला निघून गेले.

अर्धा दिवस त्या चेंडूशी खेळण्यात गेला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की चेंडू सारख्या वेगाने फिरवला, तरी ठिपका मध्यभागी असताना भराभर सरकल्यासारखा दिसतो आणि कडेला गेला की रेंगाळतो. सूर्य म्हणजे फोटोतली चपटी थाळी नाही, गोळा आहे! पट्टीवरच्या सेंटिमीटरांचे कोन करायला हवेत. ते केल्यावर दोन्ही डागांचं उत्तर जवळ जवळ आलं, साधारण अठ्ठावीस दिवस. पुस्तकात पाहिलं, तर पृथ्वीवरून पाहताना सूर्याच्या मधल्या पट्ट्यासाठी सुमारे २७ दिवस दिलेत.

आज ती म्हणते, की त्या आठवड्यात सूर्याबद्दल शिकले ते थोडंच. पण उत्तर चुकलं म्हणजे आपण ढ, असं नसतं. तिथून तर खरं काम सुरू होतं, हे मात्र कायमचं शिकले. आजही प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी दोन उत्तरं आली, की तिला तो चेंडू आठवतो.

आता आमच्यातल्या दुसऱ्याचा उन्हाळा. तोही २००२ चाच, पण बार्शीचा. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं बार्शी. सकाळी दहावीची व्हेकेशन बॅच, दुपारी पत्र्याखाली पंख्याच्या गरम वाऱ्यात पत्ते, संध्याकाळी भगवंताच्या देवळामागे क्रिकेट. उन्हाळा वाईट गेला असं मुळीच नाही, आमरस तर पोटभर खाल्ला. पण पुण्यात आपल्याच वयाची मुलं शास्त्रज्ञांबरोबर बसून सूर्य मोजतायत, असं काही जगात असतं, हेच ठाऊक नव्हतं. मार्क हिच्यापेक्षा जास्त होते, हे तो लग्नानंतर दर वर्षी एकदा तरी ऐकवतो! फरक मार्कांचा नव्हता. फरक पत्त्याचा होता, म्हणजे आपण कोणत्या गावात राहतो त्या पत्त्याचा.

मंडळी, आमचं आजचं सगळं भाषण या दोन उन्हाळ्यांमधल्या अंतराबद्दल आहे.

नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. केंब्रिजमध्ये पंधराएक वर्षं काढून १९७२ साली ते भारतात परत गेले, त्यामुळे इथल्या मराठी माणसांना ते नेहमीच थोडे आपले वाटायचे. त्यांची एक सवय प्रसिद्ध होती. व्याख्यानानंतर सही मागायला मुलांची झुंबड उडायची, आणि ते सही देत नसत. सांगायचे, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेल. सही हवी असेल तर आधी प्रश्न पडला पाहिजे! आणि ही सवय त्यांना कुठून लागली असेल? लहानपणी बनारसच्या घरात त्यांचे मोरूमामा फळ्यावर एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे, जयंतला आव्हान म्हणून. ते सुटेपर्यंत फळा पुसायचा नाही.

मोरूमामांनी त्यासाठी कुठली फी घेतली नाही, प्रमाणपत्रही दिलं नाही. एका मोठ्या माणसाने एका मुलाला त्याच्या ताकदीचा, किंवा ताकदीपेक्षा थोडा जड असा प्रश्न दिला आणि उत्तराची वाट पाहिली. आमच्या मते कुठल्याही चांगल्या उन्हाळी विज्ञान कार्यक्रमाचा गाभा एवढाच आहे. बाकी सगळा मांडव.

आता या देशात काय आहे ते पाहू. बरेच आईवडील आम्हाला हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इथे हे प्रामुख्याने इयर ट्वेल्व्हच्या, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी असतं. जीसीएसई झालेली, ए-लेव्हलचं एक वर्ष झालेलं, पुढे युनिव्हर्सिटीचा अर्ज डोक्यावर. १९९७ मध्ये सर पीटर लँपल यांनी सटन ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये पहिलं समर स्कूल भरवलं. सरकारी शाळांमधली मुलं आठवडाभर विद्यापीठात राहतात, शिकतात, आणि पैसे पडत नाहीत. ऑक्सफर्डने स्वतः २०१० पासून 'युनिक' नावाचा कार्यक्रम सुरू केला, तोही सरकारी शाळांतल्या मुलांसाठी आणि मोफत. नफील्ड फाउंडेशनने १९९० च्या दशकापासून एक योजना चालवली. त्यात मुलं सुट्टीतले चार ते सहा आठवडे खऱ्या प्रयोगशाळेत किंवा कंपनीत एका प्रकल्पावर काम करत, प्रवासखर्च मिळे, आणि ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची त्यांना वर भत्ताही. पुढे या योजनेचं काम स्टेम लर्निंग या संस्थेकडे गेलं.

ज्यांना घरापासून लांब जायचं नाही त्यांच्यासाठी क्रेस्ट अवॉर्ड आहे. ब्रिटिश सायन्स असोसिएशन तो देते. स्वतःचा प्रकल्प करायचा: ब्राँझसाठी सुमारे १० तास, सिल्व्हरसाठी ३०, गोल्डसाठी ७०. रॉयल इन्स्टिट्यूशनचे गणिताचे मास्टरक्लास १९८१ पासून चालू आहेत. आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय युवा विज्ञान मेळावा भरतो, त्याची सुरुवात १९५९ ची. जगभरातून मुलं येतात, दोन आठवडे राहतात. याला मात्र फी आहे, आणि ती थोडीथोडकी नाही.

फीवरून आठवलं. दर जानेवारीत आम्हाला फोन येतात. "अरे, ऑक्सफर्डचा समर प्रोग्रॅम आहे, काही हजार पौंड मागतायत, घालू का मुलीला?" तेव्हा आम्ही पहिल्यांदा विचारतो, ताई, तो ऑक्सफर्ड विद्यापीठाचा आहे, की ऑक्सफर्ड गावातला? कारण सुट्टीत कॉलेजच्या खोल्या भाड्याने घेऊन कोणीही वर्ग भरवू शकतं. त्यात फसवणूक असतेच असं नाही, मुलांना मजाही येते. पण पैसे भरले म्हणजे प्रवेशाचा मार्ग खुला झाला, असं समजू नका. अमेरिकेत १९८४ पासून चालणारी आरएसआय नावाची सहा आठवड्यांची शाळा घ्या. तिथे निवड होणं महाकठीण, पण निवड झाल्यावर शिकवण्याचे किंवा राहण्याचे पैसे घेत नाहीत. म्हणजे फी जास्त तर दर्जा जास्त, हे दुकानातलं गणित इथे चालत नाही.

आम्ही आईवडिलांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. एक, माझ्या मुलाबरोबर रोज कोण बसणार आहे आणि किती वेळ? दोन, त्याला जे काम देणार त्याचं उत्तर आधीच पुस्तकाच्या शेवटी छापलेलं आहे का? आणि तीन, ज्याच्याकडे फी नाही अशा मुलासाठी तुम्ही काय करता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जे लोक सरळ देतात, त्यांचं पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तरही बहुधा चांगलंच असतं, असा आमचा अनुभव आहे.

आता कुणी म्हणेल, शाळेतली पोरं कसलं संशोधन करणार? त्यांना नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या केटरिंगची गोष्ट सांगायला हवी. तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. वर्गात डॉप्लर परिणाम शिकवायला काहीतरी जिवंत उदाहरण हवं म्हणून ते आणि रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर साध्याशा रेडिओवर रशियन उपग्रहांचे आवाज पकडू लागले. मुलंही कानाला हेडफोन लावून वेळा टिपायला बसली. मार्च १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ हा उपग्रह वर गेला. त्याची कक्षा मोजली, तर ती बायकोनूरहून सोडलेल्या उपग्रहाची वाटेना. वाट पाहिली, आणखी उपग्रहांच्या नोंदी घेतल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी जाहीर केलं, की रशियाच्या उत्तरेला प्लेसेत्स्कजवळ आणखी एक प्रक्षेपणतळ आहे. सोव्हिएत सरकारने तो तळ असल्याचं कबूल केलं १९८३ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी! शाळेच्या वर्गात, एक रेडिओ, एक वही आणि चिकाटी.

असो. दुसऱ्यांच्या गोष्टी झाल्या. आता आमची सांगतो, आणि त्यात आमची बढाई नाही, उलट आहे.

इथल्या आमच्या गावातल्या एका शाळेतल्या फिजिक्सच्या शिक्षिकेशी ओळख झाली. त्यांनी विचारलं, तुमच्या ऑफिसात उन्हाळ्यात दोन आठवडे एखादा विद्यार्थी घ्याल का? आम्ही मोठ्या उत्साहात हो म्हटलं. विम्याचा कागद, सुरक्षेचे नियम, पालकांची संमती, सगळं रीतसर केलं. मुलगा आला. लाजाळू, वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर. आणि नेमकी त्याच आठवड्यात आमची डेडलाइन. काय केलं असेल आम्ही? त्याला एक लांबलचक एक्सेलची शीट दिली आणि म्हटलं, यातल्या चुका शोध. त्याने शोधल्या. दुसरी शीट दिली. तीही झाली. दोन आठवड्यांनी तो हात मिळवून, "थँक यू फॉर द अपॉर्च्युनिटी," म्हणून गेला. आम्ही प्रमाणपत्रावर सही केली.

रात्री जेवताना आम्ही दोघं गप्प होतो. ज्या मुलाला सूर्य मोजायला द्यायला हवा होता, त्याला आम्ही हमाली दिली होती. आणि तो आभार मानून गेला, कारण यापेक्षा वेगळं काही असतं हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. बार्शीच्या त्या पोरासारखं.

पुढच्या वर्षी आम्ही आधी प्रश्न शोधला, मग मुलगी घेतली. प्रश्न साधा होता: बसस्टॉपवरची विजेची पाटी सांगते 'चार मिनिटं', ती किती वेळा खरं बोलते? दोन आठवड्यांचं काम. पहिले तीन दिवस ती नुसती वही आणि घड्याळ घेऊन तीन स्टॉपांवर उभी राहिली. आम्ही म्हटलं होतं, की कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी पावसात भिजायचं. मग उघड उपलब्ध असलेली बसची माहिती उतरवून घेणारा छोटासा प्रोग्रॅम तिने लिहिला. तिची अटकळ होती, की पाटी गर्दीच्या वेळी सगळ्यात जास्त चुकत असेल. आकडे काही तसं म्हणेनात. दोन दिवस ती वैतागली. आम्हालाही उत्तर माहीत नव्हतं, आणि ते आम्ही तिला सांगून टाकलं. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मोठ्या माणसांना उत्तर माहीत नाही, हे तिला नवीन होतं!

शेवटी तिच्या लक्षात आलं, की पाटी सगळ्यात जास्त चुकते ती मार्गाच्या सुरुवातीच्या स्टॉपांवर. कारण बस अजून डेपोतून सुटलेलीच नसते, आणि पाटी तोवर वेळापत्रकातलाच आकडा दाखवत राहते. बस एकदा धावायला लागली, की अंदाज सुधारतो. शोध काही नोबेलचा नाही. पण तो तिचा होता. शेवटच्या दिवशी तिने आमच्या टीमपुढे पंधरा मिनिटं सांगितलं, आणि आमच्या साहेबांनी प्रश्न विचारल्यावर म्हणाली, "ते मी मोजलेलं नाही, त्यामुळे सांगता येणार नाही." मंडळी, हे एक वाक्य शिकायला आम्हाला नोकरीत आठ वर्षं लागली होती.

आता तिसऱ्या वर्षाची गोष्ट, ज्यासाठी आज आम्ही इथे उभे आहोत.

त्याच शिक्षिकेने खटपट करून तीस मैलांवरच्या एका प्रयोगशाळेत दोन आठवड्यांची एक जागा मिळवली. कुठल्या योजनेतून नाही, ओळखीतून, त्यामुळे प्रवासखर्च वगैरे काही नव्हता. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी निवडली. तिने हो म्हटलं, आनंदाने नाचली. आणि सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तिची ईमेल आली, घरी काही अडचण आहे, येता येणार नाही, माफ करा. एवढंच. जागा रिकामी गेली.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्यावर शिक्षिकेला खरं कारण कळलं. ट्रेन आणि पुढची बस धरून रोजचे बावीस पौंड. दहा दिवसांचे दोनशे वीस. आई एकटी, केअर होममध्ये रात्रपाळी करते. शाळेत मुलीला दुपारचं जेवण मोफत मिळतं, पण सुट्टीत आणि तेही तीस मैलांवर कोण देणार? मुलीने आईला सांगितलंच नाही. आईने ऐकलं असतं तर आणखी एक पाळी घेतली असती, म्हणून सांगितलं नाही.

दोनशे वीस पौंड, मंडळी. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाचा चिवडासुद्धा तेवढ्यात होत नाही.

आम्हाला तेव्हा सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की कुणी विचारलं असतं तर आम्ही त्याच दिवशी पैसे दिले असते. तुम्हीही दिले असते. या हॉलमध्ये नाही म्हणणारा एकही माणूस नाही. पण ती मुलगी कुणाला विचारणार? आणि का विचारावं तिने? मदत मागावी लागू नये, ती आधीच तिथे असावी, म्हणून निधी लागतो. आज जमणारी रक्कम याच एका कामासाठी आहे: आपल्या भागातल्या सरकारी शाळांमधल्या मुलांचं सुट्टीतल्या विज्ञानाच्या कामाचं तिकीट आणि दुपारचं जेवण. निवड शिक्षक करतील. मुलाला अर्ज करावा लागणार नाही, घरची मिळकत कुणापुढे मांडावी लागणार नाही. तिकीट थेट शाळेतर्फे हातात पडेल.

यावर कार्यकारिणीच्या बैठकीत दोन आक्षेप आले. दोन्ही रास्त आहेत, म्हणून इथे उघड बोलतो.

पहिला आक्षेप एका ताईंचा. "यात आपली मराठी मुलं किती?" खरं उत्तर: फार नाहीत. आपल्यातल्या बहुतेकांना तिकिटाची अडचण नाही, देवाची कृपा. पण एक गोष्ट पाहा. मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करत होता. १८१२ मध्ये दुकानातल्या विल्यम डान्स नावाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्हींच्या व्याख्यानांची चार तिकिटं दिली. फॅरेडेने व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती बांधून डेव्हींना पाठवली, आणि १८१३ मध्ये तिथेच सहायक म्हणून लागला. पुढे विजेची मोटर, जनित्र, सगळं त्याच्या कामातून आलं. आज या हॉलमधले दिवेसुद्धा! डान्स हे संगीतातले माणूस होते. फॅरेडे त्यांच्या नात्याचा नव्हता, गोत्याचा नव्हता. त्यांनी फक्त चार तिकिटं दिली. आपणही या देशात पाहुणे म्हणून आलो आणि शेजारी झालो. शेजाऱ्याच्या मुलीचं तिकीट काढणं हे काही उपकाराचं काम नाही.

दुसरा आक्षेप एका काकांचा. "एवढ्या पौंडांत गावाकडे केवढं काम होईल!" काका, अगदी खरं आहे. मंडळ गावाकडे पाठवतं ते पाठवत राहीलच, त्यातला एक पैसाही इकडे वळवलेला नाही. आणि आपल्याकडे दान कसं फळतं याचं उदाहरण त्याच आयुकात आहे. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात 'पुल' आलेच!

पण गावाकडे पैशाआधी आणखी एक गोष्ट पाठवता येते, तिला पोस्टेजसुद्धा पडत नाही. गेली दोन वर्षं आम्ही बार्शीच्या जुन्या शाळेतल्या एका सरांबरोबर एक उद्योग करतो. रविवारी सकाळी इथून व्हिडिओ कॉल लावायचा, तिकडे दुपार असते. नववीची दहा-बारा मुलं बसतात. आम्ही शिकवत नाही, मोरूमामांसारखा फक्त एक प्रश्न ठेवतो. गेल्या उन्हाळ्याचा प्रश्न होता: शाळेजवळच्या विहिरीचं पाणी दर आठवड्याला किती खाली जातं? दोराला दगड बांधला, दोरावर हातभर अंतरावर गाठी मारल्या. मार्च ते जून दर सोमवारी मोजणी. मधल्या एका आठवड्यात पाणी एकदम जास्त खाली गेलं. मुलांनी लगेच कारण दिलं, ऊन वाढलं. सर म्हणाले, तर मग पुढच्या आठवड्यात का नाही गेलं? पोरं गावात चौकशा करत फिरली. शेजारच्या मळ्यात त्याच आठवड्यात नवीन मोटर बसली होती आणि नंतर ती जळाली होती!

त्या गटात एक मुलगी आहे. तिने आम्हाला विचारलं, "सर, हे उत्तर बरोबर आहे का?" आम्ही म्हटलं, "आम्हाला माहीत नाही गं. तुला कसं तपासता येईल?" कॉलवर थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "मोटर दुरुस्त झाली की परत मोजू."

म्हणून मंडळी, आज तुमच्याकडे आमचं मागणं तीन गोष्टींचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी एका मुलाचं दोन आठवड्यांचं तिकीट द्या. पेटी दाराशी आहे आणि खजिनदार पावती देतील. आपल्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, औषधकंपन्यांत, विद्यापीठांत काम करणारे आहेत. त्यांनी पुढच्या उन्हाळ्यातला एक आठवडा द्या, एक विद्यार्थी आपल्या कामाच्या जागी बोलवा. कागदपत्रांची भीती नको, ती सगळी आम्ही दोनदा भरली आहेत आणि तिसऱ्यांदा तुमच्यासाठी भरू. आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी एक प्रश्न द्या. पोस्टकार्डावर लिहिला तरी चालेल. अट एवढीच, की त्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला माहीत नसावं.

त्या मुलीची जागा रिकामी गेली ती गेली, तो उन्हाळा तिला परत देता येणार नाही. तिच्या शिक्षिकेने पुढच्या जुलैसाठी दोन जागा मिळवल्यात. नावं ठरायची आहेत. या वेळी तिकिटं आधी तयार हवीत.

वचन दिल्याप्रमाणे वेळेत संपवतो. वडे गरम आहेत तोवर खाली चला, आणि जाताना दाराशी क्षणभर थांबा.